बाबांना बोलतं ठेवणं

मनीष: ताई, थांबू नका. काहीपण बोला, पण मध्ये गॅप नका देऊ.

नीरजा: बाबा, तुम्ही ठीक आहात ना?

शरद: आहे.

नीरजा: वर गारठा आहे का?

शरद: नाही.

मनीष: अरे यार ताई, हा काय इंटरव्ह्यू चाललाय? हो-नाहीवाले सवाल नका विचारू. काकू कशा बोलायच्या? नळ सोडल्यासारखं.

नीरजा: मी आई नाही, मनीष.

मनीष: सॉरी. पण मनगट घट्ट धरा माझं. सुटलं तर तुमचा आवाज या गच्चीवरच राहील. फोन तर सकाळपासून मेलेत सगळ्या शहराचे. आवाज वर जातो तो आता फक्त माझ्यातून.

नीरजा: धरलंय. बाबा, मी तुम्हाला बघतेय. बडा गणपतीच्या देवळाच्या कळसाच्या बऱ्याच वर एक ठिपका आहे, तो तुम्ही. स्वेटरचा रंग ओळखू येत नाही, पण हात दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतात.

शरद: छान वर्णन करतेस. पुण्यात राहून मराठी एकदम छापील झालीये तुझी.

नीरजा: आणि तुमची इथं राहून खिचडी.

मनीष: हां, असं! असं बोला. भांडा थोडं.

शरद: मनीष, आभाळातला तो दगड आता खाली सरकत नाहीये. धरलाय मी. पण हिला गच्चीवर कशाला ठेवलंस? तळघरात पाठव.

नीरजा: मी कुठेही जाणार नाही.

शरद: ऐकायचीच नाही ती माझं. हिच्या आईला सांग, तीच समजावेल हिला. सुहासिनी कुठाय?

मनीष: ताई. ताई, गॅप.

नीरजा: बाबा, मी... मनीष, मी एक क्षण मनगट सोडतेय. हे काय बोलतायत ते? आईला जाऊन तीन आठवडे झाले. त्यांनीच अग्नी दिला.

मनीष: विसरले. होतं असं. काका जेवढं जड पकडतात तेवढे स्वतः हलके होतात. शरीराने पण आणि इथून, डोक्यातून पण. आधी वार विसरतात, मग माणसं. मग वजन बिल्कुल राहत नाही, आणि ज्याला पकडलंय त्याच्याकडेच ओढले जातात. म्हणून खालून कोणीतरी बोलत राहायचं. घरचं. दूध, भाजी, पाहुणे. त्याने पायांना जमिनीची याद राहते.

नीरजा: मला लहानपणी वाटायचं, आईला फोन सोडवतच नाही. पोळ्या लाटताना, कुकर लावताना, सतत खांद्याला फोन. बाबा कुठेतरी कोसळणारा पूल धरून उभे असायचे आणि ही त्यांना सांगायची की आज गिलकी, म्हणजे घोसाळी, किती जून निघाली.

मनीष: आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कोणाचा? आपल्या काकांचा, सगळं थांबवणाऱ्या रुको-काकांचा. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत पोरं मंकी-कॅप घालून रुको-काका बनायची. काकूंचा फोटो एकदाही नाही आला.

नीरजा: किती वेळ धरायचाय त्यांना हा?

मनीष: मितालीदीदी आत शिरलीये, दगडाच्या पोटात. तिच्या हातांनी दगड पिठासारखा होतो ना. काकांनी तो जागेवर ठेवला तर ती आतून सगळा पोखरून भुगा करेल. पण आत्ता अर्धा पण नाही झालाय.

नीरजा: आणि सुटला तर?

मनीष: सकाळी त्याचा एक तुकडा सांवेरकडे पडला होता, सोयाबीनच्या शेतांत. छोटासा तुकडा. तिथं आता शेत नाहीये, खड्डा आहे, आणि खड्ड्याचा दुसरा काठ दिसत नाही. हा पडला तर इथून पोलोग्राउंडपर्यंतची जागा एकटाच व्यापेल. बाकी शहर धक्क्याने जाईल. धरा मनगट, ताई. प्लीज.

नीरजा: धरलं. बाबा? तुम्हाला ऐकू येतंय का?

शरद: येतंय.

नीरजा: दुपारचे चार वाजलेत, पण रस्त्यावरचे सोलरचे दिवे आपोआप लागलेत. इतका अंधार आहे त्या दगडाखाली. समोरच्या घरात कोणीतरी गॅस सुरूच ठेवून गेलंय, कुकरच्या शिट्ट्या थांबत नाहीयेत. एकही पक्षी नाही. टाकीतलं पाणी आपोआप हिंदकळतंय. माझे दात दुखतायत, का ते कळत नाही.

मनीष: ताई, असं डरावनं नका सांगू त्यांना!

नीरजा: मला दुसरं काही दिसत नाहीये, मनीष! सगळं आकाश म्हणजे तो दगड आहे. त्याला खाचा आहेत, भेगा आहेत, मी त्या बघू शकते. तुला ऐकू येतो तो? तुला तर सगळं ऐकू येतं.

मनीष: तेच तर. त्याला आवाजच नाही. तिथं माझ्या कानांना एक गोल भोक आहे. आजूबाजूला हवा ऐकू येते, काकांचा श्वास ऐकू येतो. त्या भोकात काहीच नाही. दीदी आत गेली तेव्हा तिचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. मध्ये मध्ये बाहेर येऊन सांगते तेवढंच. काका त्या भोकात गेले ना, तर मी त्यांना तुमचं काही पोचवू शकणार नाही.

नीरजा: आता किती दूर आहेत?

मनीष: आता पुष्कळ. पण सरकतायत. बोला तुम्ही.

नीरजा: बाबा, सकाळी मी पोहे केले होते, ते तुम्ही खाल्ले नाहीत. झाकून ठेवलेत. संध्याकाळी गरम करून देईन.

शरद: कोण बोलतंय?

नीरजा: मी. नीरजा.

शरद: कोण नीरजा?

मनीष: ओ भिया...

नीरजा: तुमची मुलगी, बाबा. नीरू.

शरद: माफ करा, ओळखलं नाही. इथं फार छान वाटतंय. सगळं एकदम हलकं.

मनीष: ताई, वर चालले. स्पीड वाढतोय. दगड पण हलला, बघा, बघा, टाकीतलं पाणी उसळतंय!

नीरजा: बाबा! बाबा, ऐका. बाबा!

मनीष: नाही ऐकत. ओरडून नाही होणार. मनगट सोडा जरा. ताई, एक रस्ता आहे. मी तसं केलं नसतं, पण दुसरा नाही सुचत.

नीरजा: काय?

मनीष: मी जे ऐकतो ते विसरत नाही. तशी बनावटच आहे माझी. फोन बंद पडायचे तेव्हा काकू असंच माझं मनगट धरून बोलायच्या. त्यांचा शब्द न् शब्द माझ्याजवळ आहे. आणि ऐकलेला आवाज मी जसाच्या तसा काढू शकतो. काढू?

नीरजा: आईचा?

मनीष: त्यांच्या आवाजाने काका नेहमी उतरलेत. एकदाही असं नाही झालं की नाही उतरले. काढू का, बोला जल्दी.

नीरजा: काढ.

(यापुढे सुहासिनीचा म्हणून जो आवाज येतो, तो मनीषच्या तोंडून.)

सुहासिनी: अहो, ऐकताय ना? की गेलात आपले ढगात? स्वेटर चढवा आधी. मी विणलाय तो काय खुंटीला शोभा म्हणून?

शरद: घातलाय. घातलाय गं.

सुहासिनी: तो भाजीवाला आज पुन्हा जून गिलकी गळ्यात मारून गेला. मी म्हटलं, भैया, ही भाजी आहे का पायपुसणं? तर म्हणतो, माताजी, तुम्ही बनवाल तर चांगलीच होईल. मेला गोड बोलून फसवतो.

शरद: तू घेतलीसच ना पण?

सुहासिनी: आणि शेजारच्या शिखाची सासू आली होती. दोन तास बसली, उठायचं नाव नाही. चहा झाला, चिवडा झाला, शेवटी मीच म्हटलं, चला, मला देवळात जायचंय.

शरद: सुहास. कुठे होतीस तू? किती दिवस झाले.

मनीष: ताई, थांबला! दगड थांबला एकदम. असं घट्ट तर काकांनी आजवर काहीच नव्हतं पकडलं. दीदी बाहेर आली होती आत्ता. म्हणते, असंच ठेवा, पटापट होतंय. ताई? ताई, रडताय का?

नीरजा: नाही. तू थांबू नकोस. अजून एक वाक्य काढ.

सुहासिनी: आज गल्लीतल्या मुकुलला सांगून ती वरची ट्यूबलाइट बदलून घेतली. तुमच्या भरवशावर राहिले असते तर दिवाळी अंधारात.

शरद: खरंय.

नीरजा: अजून.

सुहासिनी: नीरूचा फोन आला होता. कामात असते बिचारी. मी म्हटलं, बाबांशी बोल, तर म्हणाली, तूच सांग त्यांना. तुम्ही दोघं कधी एकमेकांशी बोलणार देव जाणे.

नीरजा: हे नको. दुसरं काढ.

सुहासिनी: झालं ना तुमचं? किती वेळ तो? पान वाढलंय मी. या आता.

शरद: आलो. आलोच.

मनीष: आता बघा. हे बोलल्या की ते उतरायचे. 'या आता' म्हटलं की... ताई. हे काय. ते उलटे चाललेत.

नीरजा: उलटे म्हणजे?

मनीष: वर! वर चाललेत, दगडाकडे. आणि आपोआप नाही, स्वतः चाललेत. पावलं टाकतायत हवेत.

शरद: थांब गं, येतोय. एवढं काय लांब नाही.

नीरजा: त्यांना वाटतंय आई तिथं आहे. बंद कर. मनीष, आवाज बंद कर.

मनीष: ताई, एक मिनिट सुनो. दगड अजून जागेवर आहे. काका चाललेत, पण पकड सुटली नाहीये, उलट वाढतेय. दीदीला थोडाच वेळ पाहिजे. काका आत पोचेपर्यंत तिचं होऊन जाईल बहुतेक.

नीरजा: आणि बाबांचं काय होईल?

मनीष: ते त्या भोकात जातील. मग मला ते ऐकू येणार नाहीत.

नीरजा: बंद कर.

मनीष: ताई, खाली सगळं शहर आहे. माझी आई आहे. सराफ्यात एका दुकानाच्या तळघरात बसलीये, मला तिचा श्वास इथून ऐकू येतोय. तुम्ही म्हणताय बंद कर. बंद केलं आणि दगड सुटला तर?

नीरजा: मला कळतंय तू काय म्हणतोस.

मनीष: नाही कळत. तुम्ही आपल्या बाबांना बघताय फक्त.

नीरजा: हो. मी खोटं नाही बोलणार. पण मनीष, आईच्या नावाने हाक मारून त्यांना तिकडे नाही पाठवू शकत मी. ती चाळीस वर्षं त्यांना परत आणत होती. तिच्याच आवाजाने... मला थोडा वेळ दे. जमलं नाही तर तू पुन्हा सुरू कर, मी मध्ये येणार नाही.

मनीष: पक्का?

नीरजा: पक्का.

मनीष: ठीक आहे. बंद केला. मनगट पुन्हा घट्ट धरा.

शरद: सुहास? बोल ना. सुहास?

मनीष: सरकला! ताई, दगड सरकला!

नीरजा: काचा फुटतायत खाली. बाबा. बाबा, मी नीरजा. आई तिथं नाही.

शरद: आत्ता बोलत होती.

नीरजा: तो मनीष होता. आई गेली, बाबा. तीन आठवड्यांपूर्वी. आपण दोघांनी अजून एकदाही हे एकमेकांसमोर म्हटलं नाही. मी चहा विचारते, तुम्ही हो म्हणता. एवढंच बोललोय आपण. आई गेली.

शरद: असं बोलू नये.

नीरजा: मला सगळ्यांनी फोनवर फक्त 'लवकर निघ' म्हटलं. मी आले तेव्हा तिला हार घातलेला होता. कशी गेली ते मला कोणी सांगितलं नाही. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण आपण एकमेकांना काही विचारतच नाही. आता विचारतेय. कशी गेली आई?

शरद: ते आता कशाला, बेटा?

मनीष: बेटा म्हणाले! ओळखलं त्यांनी.

नीरजा: मी काहीच बोलणार नाही आता. भाजी नाही, दूध नाही. मला येतच नाही तसं बोलता. तुम्ही बोला. त्या दिवशी तुम्ही घरात होतात, मी नव्हते. मला सांगा.

शरद: मला नीट आठवत नाही.

नीरजा: कुठे बसली होती ती?

शरद: पलंगावर. काठावर.

नीरजा: काय करत होती?

शरद: मेथी निवडत होती. मांडीवर पेपर पसरून. मी म्हटलं, उद्या कर, तर म्हणाली, उद्या पिवळी पडेल.

मनीष: थांबलेत. वर जाणं थांबलंय. चालू ठेवा.

नीरजा: काही बोलत होती?

शरद: ती कधी बोलत नव्हती? मंगलावहिनींच्या मुलीचं, पलकचं लग्न झालं ना, मी गेलो नव्हतो, पाय दुखत होता. तर जेवणात काय काय होतं ते सांगत होती. एकेक पदार्थ. भरली वांगी तिखट होती, पुरी गार होती. मूगडाळीचा हलवा मात्र चांगला होता म्हणे. हसत होती. म्हणाली, 'आणि शेवटी त्यांनी...'

नीरजा: काय?

शरद: एवढंच. 'आणि शेवटी त्यांनी.'

नीरजा: पुढे?

शरद: पुढे नाही काही. मला वाटलं, आठवतेय. मी वाट बघत बसलो. म्हटलं, शेवटी त्यांनी काय? तिच्या हातात मेथीची काडी होती. ती तशीच होती. मी पुन्हा विचारलं. मला राग पण आला थोडा, म्हटलं, अर्धवट काय सांगतेस.

मनीष: ताई, ते खाली येतायत. हळू हळू. पण दगड पण त्यांच्याबरोबर येतोय थोडा थोडा. दीदी बाहेर आली. म्हणते, अजून धरा, अजून धरा.

नीरजा: बाबा, दगड धरून ठेवा. आणि सांगत राहा. दोन्ही करा.

शरद: जड झालंय गं. एकदम जड झालंय सगळं. हात तुटतायत.

नीरजा: मला माहीत आहे. मग काय केलंत तुम्ही?

शरद: मग समजलं मला. मेथी बाजूला केली. हात धरला तिचा. आणि थांबवलं.

नीरजा: कोणाला?

शरद: तिला. जशी घाटात बस थांबवतो, तशी. पूर्ण जोर लावला. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, पंखा थांबला, बाहेर कोणाची तरी सायकल थांबली असेल. या दगडाला पण लावला नाही एवढा जोर मी. ती सोडून सगळं थांबलं.

नीरजा: बाबा.

शरद: तिला सोडायला मला फार वेळ लागला, नीरू. दाराबाहेर माणसं जमली होती. दार उघडत नव्हतं. दार पण थांबलं होतं ना.

नीरजा: मला हे कोणी सांगितलं नाही.

शरद: मीच कोणाला सांगितलं नाही.

मनीष: धरा, काका! झालंच आहे. काका, धरा!

शरद: धरलाय रे. ओरडू नकोस कानात. दगड हातातच आहे.

मनीष: ताई, खाली बसा. डोकं झाका. आता काहीतरी... ऐकलंत?

नीरजा: काय?

मनीष: आवाज आला. त्या भोकातून. आत्तापर्यंत काहीच नव्हतं, आता वाळू सरकल्यासारखा आवाज येतोय. सगळीकडून येतोय. दीदी हसतेय तिथं. ताई, वर बघा.

नीरजा: तो विरघळतोय.

मनीष: भुगा झाला. सगळा भुगा. तोंड झाका पदराने, ओढणीने, काही पण. राखेसारखा पडतोय.

नीरजा: सूर्य दिसतोय. बाबा कुठे आहेत? मला ठिपका दिसत नाही. मनीष, बाबा कुठे आहेत?

मनीष: एक मिनिट. सगळं शहर एकदम ओरडायला लागलंय, काही समजत नाहीये. आई माझी रडतेय. शांत व्हा रे सगळे. काका? काका, बोला काहीतरी.

नीरजा: बाबा!

मनीष: श्वास ऐकू येतोय कोणाचा तरी. पोलोग्राउंडकडून. बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या अंगणातून. खोकला. हा काकांचाच खोकला, शर्त लावतो.

नीरजा: बाबा, तुम्ही उतरलात?

शरद: उतरलो काय, पडलोच म्हण. तोंडात सगळी धूळ गेलीये.

नीरजा: लागलं का कुठे?

शरद: लागलं नाही. पण पाय रुतलेत. फरशी फुटून घोट्यांपर्यंत आत गेलेत. आजवर असा जड कधी उतरलो नव्हतो. उचलायला जातो तर उचलत नाहीत.

मनीष: काका, तुम्ही तर कमालच केली! मी मितालीदीदीला बोलावतो, ती काढेल तुम्हाला उचलून.

शरद: नको. दमली असेल पोर. नीरू आहे का अजून?

नीरजा: आहे.

शरद: तू विचारलंस ते बरं केलंस.

नीरजा: अजून विचारायचं आहे. पुष्कळ. तिथंच बसून राहा, उठायचा प्रयत्न करू नका. मी येतेय.

शरद: धुळीत दिसायचं नाही काही. सावकाश ये. मी कुठे जात नाही.